खोक्यांतून आलेली गणकयंत्रे

गेल्या वैशाखात माझा थोरला भाचा टोरोंटोला कायमचा राहायला निघाला. लोणच्याच्या बरण्या, देवघरातला टाक आणि आजीची गोधडी यांचा निकाल पाच मिनिटांत लागला. पण त्याच्या संगणकाचे काय करायचे हा प्रश्न तीन आठवडे बैठकीच्या खोलीत ठाण मांडून होता. हा काही मांडीवर घेण्याचा संगणक नव्हे. टेबलाखाली उभा राहणारा, चांगला ट्रंकेएवढा डबा. कॉलेजात असताना एकेक भाग पैसे साठवून विकत घेऊन त्याने तो स्वतः जोडलेला. विमानात दोन बॅगा नेण्याची मुभा, प्रत्येकी तेवीस किलोंची. सामान बोटीने पाठवणाऱ्या दलालाने जो आकडा सांगितला, तो ऐकून ताई म्हणाली, "अरे, एवढ्यात नवा येईल की!"

"नवा येईल," भाचा म्हणाला, "पण त्यात बाबा नसतील."

माझे मेहुणे वारकरी. आषाढी-कार्तिकीला घरी भजन होई, ते मुलाने ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. मेहुणे जाऊन चार वर्षे झाली. तो आवाज त्या डब्यातल्या तबकडीवर होता, आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नव्हती. "मामा, तुम्ही एवढं वाचता. यंत्र सुखरूप जाईल आणि खर्चही बेताचा होईल, असं काही सांगा," असे त्याने मला म्हटले. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. मला यंत्रातले काय कळणार? पण इतिहासात तोंड घालण्याची खोड जुनी आहे. पहिली गणकयंत्रे समुद्रापार कशी गेली असतील, असा विचार मनात आला आणि मी वाचू लागलो.

या प्रवासाची सुरुवात विजेच्याही आधीची आहे. स्टॉकहोममध्ये गेओर्ग शॉयट्स नावाचा एक मुद्रक आणि पत्रकार होता. चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राविषयी वाचून त्याने व त्याच्या एडवर्ड या मुलाने तशाच तत्त्वावर एक यंत्र रचले. १८५३ साली ते पुरे झाले. आकाराने लहानशा पियानोएवढे. म्हणजे हलवता येण्याजोगे. ते १८५४ मध्ये लंडनला गेले, १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले, आणि बॅबेजने मत्सर न करता त्याचे मनापासून कौतुक केले. (बॅबेजचे स्वतःचे यंत्र त्याच्या हयातीत कधीच पुरे झाले नाही. तेव्हा हा मोठेपणा लहानसा नव्हे.) पुढे १८५७ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथील डडली वेधशाळेसाठी ते पाच हजार डॉलरांना घेण्यात आले आणि अटलांटिक ओलांडून तेथे पोहोचले. सुखरूप पोहोचले, यात शंका नाही. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. पण ज्यांना त्याचे रुसवेफुगवे ठाऊक होते ते बापलेक युरोपातच राहिले. ऑल्बनीला मंगळाच्या गतीसंबंधी काही कोष्टके त्यावर झाली. १८५९ मध्ये संचालक बेंजामिन गूल्ड यांना वेधशाळा सोडावी लागली आणि यंत्र मागे पडले. यंत्र शाबूत राहिले आणि त्याचा उपयोग मात्र वाटेत कोठेतरी सांडला, असेच म्हणायचे.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. "मामा, पियानो नको. टोरोंटोचं काही आहे का?"

होते. आणि तेच मला सर्वांत मौजेचे वाटले. १९५० च्या सुमारास टोरोंटो विद्यापीठातले लोक स्वतःचे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र बांधत होते. त्याचा लहान नमुना तयारही झाला होता. यूटेक असे त्याचे नाव. त्याच वेळी इंग्लंडात मँचेस्टरच्या फेरांटी कंपनीने विद्यापीठाच्या साहाय्याने बनवलेले एक मोठे यंत्र गिऱ्हाइकावाचून पडले. ते ब्रिटिश अणुशक्ती खात्यासाठी मागवलेले होते. १९५१ मध्ये सरकार बदलले आणि मागणी रद्द झाली. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाने पैसा दिला आणि टोरोंटोने ते यंत्र घेतले. १९५२ मध्ये ते सुटे करून, खोक्यांत भरून, समुद्रापार आले. बिआट्रिस वर्स्ली या तेथल्या गणिती बाईंनी त्याचे बारसे केले: फेरुट. पण खोकी उघडणे निराळे आणि यंत्र चालू करणे निराळे. ते जुळवून चालते करण्यात महिनेच्या महिने गेले. त्याची स्मृती चित्रवाणीच्या पडद्यासारख्या नळ्यांवर विद्युतभाराच्या ठिपक्यांनी साठवलेली असे. असला ठिपका मुळातच चंचल, मग समुद्रप्रवास करून आलेल्या नळ्यांवर तो टिकवताना काय हाल झाले असतील ते ज्याचे त्याने समजावे. तरीही पुढे सेंट लॉरेन्स जलमार्गाच्या आखणीसाठी नदीच्या पाण्याची प्रचंड गणिते याच फेरुटने करून दिली.

म्हणजे सौदा चांगला झाला. पण एक किंमत हिशेबाच्या वहीत चढली नाही. तयार यंत्र दारात आल्यावर घरचे यूटेक पुरे करण्याचे कारणच उरले नाही. ते काम सोडून देण्यात आले. जे तरुण आपल्या हाताने यंत्र बांधायला शिकत होते, त्यांनी आता दुसऱ्याने बांधलेले चालवायला शिकायचे होते. यात कोणाची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केले असते. पण स्वस्त या शब्दाचा अर्थ लावताना हे लक्षात ठेवावे लागते, आणि आपल्या देशात तीनच वर्षांनी जे घडले ते पाहताना तर विशेष.

आपल्याकडे पहिले अंकीय इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र आले ते १९५५ साली, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. बरानगरला प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे हे राज्य. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे दिवस. देशभरातून आकड्यांचे भारेच्या भारे येऊन पडत होते आणि ते हातयंत्रांवर मोजता मोजता माणसे थकत होती. संस्थेने इंग्लंडातून एच.ई.सी.-२एम नावाचे यंत्र घेतले. किंमत सुमारे दोन लाख रुपये. लांबी दहा फूट, रुंदी सात, उंची सहा. आमच्या गावातल्या एखाद्या न्हाणीघराहून मोठे. आणि एवढ्या देहात स्मृती किती, तर १०२४ शब्दांची. ती एका फिरत्या चुंबकी पिंपावर लिहिली जाई.

या यंत्राची वंशावळ ऐकण्यासारखी आहे. लंडनच्या बर्कबेक कॉलेजातले अँड्र्यू बूथ हे शास्त्रज्ञ वॉरिकशायरमधल्या फेनी कॉम्प्टन या खेड्यात, एका कोठारात, आपले यंत्र जुळवीत असत. ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने १९५१ मध्ये रेमंड बर्ड नावाच्या तरुण इंजिनिअरला तिकडे पाठवले. त्याने बूथ यांच्या जोडणीचे नकाशे उतरवून घेतले, आणि त्यावरून कंपनीने आपले यंत्र उभे केले. म्हणजे कलकत्त्याला आलेल्या त्या देहाचा पहिला प्रवास खेड्यातल्या कोठारापासून कारखान्यापर्यंत झाला, तो कागदावर. भाडे जवळजवळ काहीच नाही, आणि वाटेत काही फुटले नाही.

संस्थेने एक शहाणपण केले. यंत्र येण्यापूर्वी मोही मुखर्जी आणि अमरेश रॉय या आपल्या दोघा माणसांना इंग्लंडला पाठवले. ते काही महिने तेथे राहिले, यंत्राचे अंतरंग शिकले. मग बोटीने खोकी आली. ती उघडली तेव्हा, मुखर्जी यांच्या आठवणीप्रमाणे, आत यंत्र होते पण ते चालवण्याची वा दुरुस्त करण्याची पुस्तिका नव्हती! त्या प्रसंगाची मला पुनःपुन्हा कल्पना करावीशी वाटते. कलकत्त्याची दमट हवा, उसवलेली खोकी, शेकडो काचेच्या व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये केसासारखी तार, जी एका धक्क्याने तुटते आणि तुटली हे वरून दिसत नाही. चुंबकी पिंपाजवळची वाचक टोके तर इतकी जवळ बसवलेली, की अंतर किंचित कमी झाले तर ती पिंपाला घासणार आणि किंचित वाढले तर त्यांना काहीच ऐकू येणार नाही. आणि हे सारे ओळखायचे कशाच्या आधारावर? डोक्यात जे होते आणि शिकताना जे टिपून घेतले होते, तेवढ्यावर. दोन महिने लागले. १९५६ च्या आरंभी यंत्र चालू झाले, आणि देशातल्या इतर संशोधनसंस्थांची गणितेही तेथे येऊ लागली. पुढे काही वर्षांनी रशियाहून आलेले युराल त्याच्या शेजारी उभे राहिले.

तेव्हा दोन लाखांच्या त्या मालात सर्वांत मोलाचे खोके कोणते? माझ्या मते, जे दोन खोके स्वतःच्या पायांनी बोटीवरून उतरले ते.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत याच्या उलटा प्रयोग चालला होता, आणि टोरोंटोची हकीकत मनात ठेवून तो पाहावा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या पुढाकाराखाली काही तरुणांनी ठरवले की यंत्र आणायचे नाही, बांधायचे. यापूर्वी असे यंत्र कोणी बांधले नव्हते. परदेशांतून प्रसिद्ध झालेले लेख आणि आराखडे वाचायचे आणि कुलाब्याला डाग लावीत बसायचे. आधी लहान नमुना झाला, मग १९६० मध्ये पूर्ण यंत्र. सुमारे २७०० व्हॉल्व्ह असलेले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिले. ते तयार होईतो जगात व्हॉल्व्हचा जमाना मावळू लागला होता, हे खरे. टीकाकार म्हणतील, एवढ्या वर्षांत दोन तयार यंत्रे आणता आली असती. पण १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेतून सी.डी.सी. ३६०० हे अवाढव्य यंत्र आले, तेव्हा ते आणणाऱ्यांपुढे अनोळखी पाहुणा नव्हता. यंत्राच्या पोटात काय असते हे तेथल्या माणसांना स्वतःच्या भाजलेल्या बोटांनी ठाऊक होते.

यापुढचा इतिहास लहान होत जाण्याचा आहे. तो भराभर सांगतो. १९५६ मध्ये आय.बी.एम.ने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या स्मृतीच्या कपाटात दोन दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या. वजन टनाच्या घरात, आणि मावत किती, तर पन्नास लाख अक्षरे. हे कपाट विमानात चढवतानाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. आज एका छायाचित्रालाही तेवढी जागा पुरेल न पुरेल. मग १९८१ मध्ये अ‍ॅडम ऑस्बर्न यांनी विमानाच्या आसनाखाली सरकवता येईल असा संगणक विकायला काढला. अकरा किलो वजन, पाच इंचांचा पडदा, शिवणयंत्राच्या पेटीसारखे रूप, किंमत १७९५ डॉलर. या ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले. त्यांचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. अरुणाचलाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला कमीत कमी सामानात प्रवास सुचावा, हा योगायोग मला आवडतो. त्यांची कंपनी मात्र दोनच वर्षांत बुडाली. अखेरच्या दिवसांत ते पुन्हा तमिळनाडूतच आले आणि २००३ मध्ये कोडाईकनाल येथे वारले.

असो. भाच्याच्या डब्याकडे येतो.

इतके सारे ऐकल्यावर त्याने स्वतःच निर्णय केला. पहिले काम म्हणजे बाबांच्या भजनांच्या प्रती. एक ताईजवळच्या तबकडीवर, एक माझ्याकडे. चार वर्षे टाळलेली गोष्ट एका संध्याकाळी झाली. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती, आणि त्या रात्री वरणाला फोडणी द्यायची राहिली. मग त्याने डबा उघडला. फिरती तबकडी काढून मऊ वेष्टनात गुंडाळली. ती हातातल्या बॅगेत जाणार. बंद असलेली तबकडी धक्का सोसते, पण पोत्यासारखी फेकाफेक तिलाही मानवत नाही. चित्रांचे जड कार्ड खाचेतून सोडवले, कारण वाटेत ते आपल्याच वजनाने लोंबून खाच मोडते. गरम भागावर बसवलेला धातूचा भलामोठा थंडावा देणारा पंखाही त्याच कारणाने उतरवला. हे भाग स्थिर विजेपासून जपणाऱ्या पिशव्यांत घालून आजीच्या गोधडीत ठेवले. वीजपुरवठ्याच्या डब्यावरची अक्षरे वाचली: १०० ते २४० व्होल्ट. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणजे तो चालेल. लोखंडी सांगाडा आणि पडदा मात्र येथेच ठेवायचे ठरले. ते तिकडे थोडक्यात मिळतात, आणि वजन त्यांचेच सर्वांत जास्त.

निघण्याच्या आदल्या रात्री मी त्याला विचारले, "आणि पुस्तिका?"

"ती तर सगळी फोनवर आहे, मामा."

"कलकत्त्याला नव्हती," मी म्हणालो.

तो जरा थांबला. मग माझ्या टेबलावरची शाळेची शंभर पानी वही ओढून त्याने कोणती तार कोठे लागते याचे चित्र काढायला घेतले. लाल, काळी, पिवळी, कोणता स्क्रू कोणत्या भोकाचा. बारा वाजून गेले तरी तो लिहीतच होता, आणि ताई शेजारी बसून त्याला रंगीत पेन्सिली टोक करून देत होती.