२३. दहा हॉर्स

हॉर्स म्हणजे हॉर्सपॉवर, अश्वशक्ती. गिरणगावाच्या बोलण्यात ‘पॉवर’ गळून गेली. नायगाव-परळच्या गिरण्या आधी वाफेवर चालत. १९१५पासून खोपोलीहून टाटांची वीज येऊ लागली, तरी मोटरचा जोर मोजायचा तो इंजिनाच्याच जुन्या मापाने, जेम्स वॅटच्या. एक हॉर्स म्हणजे ७४६ वॅट, म्हणून दहा हॉर्स ७.४६ किलोवॅट. किलोवॅटला तासाला ८६० किलोकॅलरी धरल्या, तर एवढ्या शक्तीची उष्णता ताशी सुमारे ६,४०० किलोकॅलरी भरते. नळाचे ९० लिटर पाणी तेवढ्यात उकळीला येईल. साचेखात्याला लेखक ‘भट्टी’ म्हणतो ते उगाच नव्हे. पट्टे, धोटे, बेअरिंगे यांच्या घर्षणात मोटरचे बहुतेक काम शेवटी उष्णता होऊन खात्यातच राहते.

पुढच्या ओळीतले ‘बॉयलरचे दहा हॉर्स’ मात्र निराळे. बॉयलर-हॉर्सपॉवर हे मूळचे अमेरिकी माप: तासाला ३४.५ पौंड उकळत्या पाण्याची वाफ, म्हणजे जवळजवळ ९.८ किलोवॅट उष्णता. मोटरच्या हॉर्सच्या तेरापट! लेखकाने दोन्हींची सरळ बेरीज करून ‘वीस हॉर्स’ लिहिले आहे. मूळ मजकूर तसाच ठेवला आहे.