परिचर्या : सेवा आणि व्यवसाय



अंबाजोगाईच्या व्यासपीठावर उभे राहणाऱ्याने मुकुंदराज किंवा दासोपंत ह्यांच्यापासून आरंभ करावा, असा जवळजवळ संकेतच पडून गेला आहे. आणि तो योग्यच आहे. ज्या गावात विवेकसिंधूकाराची समाधी दाखवितात आणि ज्या गावात दासोपंतांनी भल्या मोठ्या कापडावर पासोडी लिहिली, तेथे दुसऱ्या कशाची आठवण आधी व्हावी? तरीही आज मी आपणांस ह्या गावातल्या एका अलीकडच्या वास्तूकडे नेणार आहे. १९७४ साली येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. आशियातील अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख होतो. तेथे शिकून मोठे झालेल्या डॉक्टरांची नावे आपण कौतुकाने सांगतो. परंतु केजेकडून, धारूरकडून, परळीकडून रात्री-अपरात्री आणलेल्या रोग्याच्या उशाशी जी बाई पहाटेपर्यंत उभी असते, तिचे नाव आपण विचारीत नाही. आपण तिला 'सिस्टर' म्हणतो आणि पुढे जातो.

ही बाई जे काम करते त्याला व्यवसाय का म्हणावयाचे, हा आजचा प्रश्न आहे. प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या प्रत्येक आई ठेवते. सासऱ्याला पक्षघात झाला तर सून वर्षानुवर्षे त्यांचे सारे करते, आणि तिला कोणी प्रमाणपत्र मागत नाही. मग रुग्णालयात तेच काम करणाऱ्या बाईने तीन-चार वर्षे शिकावे कशाला, परीक्षा द्यावी कशाला, आणि आपले नाव सरकारमान्य नोंदवहीत घालून घ्यावे कशाला?

उत्तरासाठी मी आपणांस प्रथम आपल्याच जुन्या वैद्यकाकडे नेतो. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. ह्यांपैकी परिचारकाच्या अंगी कोणते गुण असावेत तेही चरकाने सांगितले आहे. पहिला गुण उपचार कसा करावा ह्याचे ज्ञान, दुसरा दक्षता, तिसरा रोग्याविषयी माया आणि चौथा शुचिता. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. माया तिसरी आहे; ज्ञान पहिले आहे. सुश्रुत मात्र परिचारकाचे वर्णन करताना तो प्रेमळ असावा, त्याला किळस वाटू नये, तो बळकट असावा, न थकणारा असावा असे सांगतो, आणि तो वैद्याच्या शब्दाप्रमाणे वागणारा असावा, अशीही अट घालतो. म्हणजे जाणणारा परिचारक आणि ऐकणारा परिचारक, अशी दोन चित्रे आपल्याकडे फार पूर्वीपासून शेजारी शेजारी आहेत. गंमत अशी की, आपण रोज वापरतो तो 'शुश्रूषा' हा शब्दही मुळात ऐकण्याच्या इच्छेचाच वाचक आहे. गुरूचे ऐकणे, मग आज्ञा पाळणे, मग सेवा करणे, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. गेल्या दीडशे वर्षांतला परिचारिकेचा इतिहास म्हणजे ह्या दोन चित्रांमधली ओढाताण होय, असे माझे मत आहे.

युरोपात ही ओढाताण एकाच बाईच्या ठिकाणी पाहावयास मिळते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. त्यांच्या हातातला दिवा आपल्या शाळेच्या पुस्तकांतून घरोघर पोहोचला. परंतु त्यांच्या हातातली आकड्यांची वही पोहोचली नाही. किती सैनिक जखमांनी दगावले आणि किती घाणीने, दूषित हवेने व साथींनी दगावले, ह्याचा हिशेब त्यांनी मांडला, तक्ते काढले, आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना आपले सभासदत्व दिले. असा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८६० साली सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची परिचारिकांची शाळा सुरू झाली. एवढे करूनही पुढे इंग्लंडात परिचारिकांची परीक्षा घेऊन अधिकृत नोंदणी करावी अशी चळवळ उभी राहिली तेव्हा बाईंनी तिला विरोध केला! चांगल्या परिचारिकेचे शील परीक्षेच्या कागदावर उतरत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण शील कागदावर उतरत नाही म्हणून ज्ञानही तपासू नये, हे काही पटण्यासारखे नाही. इंग्लंडात तो कायदा १९१९ साली झाला, बाईंच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईस जे. जे. रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाला गेल्या शतकाच्या मागल्या शतकात, १८८० नंतरच्या दशकात, आरंभ झाला. १८९१ साली बाई काशीबाई गणपत ह्या नावाची स्त्री तेथे शिकावयास आली. ह्या व्यवसायाच्या इतिहासाच्या पुस्तकांतून पहिली हिंदी परिचारिका म्हणून तिचा एका ओळीत उल्लेख येतो. त्या एका ओळीमागे केवढे धैर्य असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो. परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श करणे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणे, आणि रात्री घराबाहेर राहणे, ह्या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या पांढरपेशा घरांत अशक्य कोटीतल्या होत्या. बाळंतिणीची सुटका करणारी सुईण गावाला हवी असे. पण तिचे काम विटाळाचे, म्हणून ते खालच्या मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे ढकलून गाव मोकळे होई. तिच्या बोटांत ज्ञान होते, परंतु त्या ज्ञानाला प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे रुग्णालये निघाली तेव्हा परिचारिका म्हणून पुढे आल्या त्या प्रामुख्याने ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली. मिरजेच्या, जालन्याच्या मिशन रुग्णालयांचे हे ऋण आपण मोकळ्या मनाने मान्य करावयास हवे. जालना तर आपल्या मराठवाड्यातलेच.

ह्याच काळात पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई फुले ह्यांनी आणि त्यांच्या डॉक्टर मुलाने, यशवंताने, शहराबाहेर रोग्यांसाठी व्यवस्था केली. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथवर चालत गेल्या, असे सांगतात. त्यांना स्वतःला प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. ह्या मरणापुढे कोणाचेही मस्तक नम्र होईल. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. सावित्रीबाईंनी केली ती सेवा होती, आणि सर्वोच्च सेवा होती. पण सेवेवर रुग्णालय चालत नाही. उद्या सकाळी त्या जागी दुसरी जाणती बाई उभी राहिली पाहिजे, परवा तिसरी, आणि त्यांना राहावयास जागा व हातात पगार मिळाला पाहिजे.

ही व्यवस्था बसविण्याचे काम महाराष्ट्रात रमाबाई रानडे ह्यांनी केले. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले. न्यायमूर्तींचा वाडा, रमाबाईंचे वजन आणि गोपाळ कृष्ण देवधरांची संघटनेची हातोटी ह्या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. थोड्याच काळात सेवासदनाने मुलींना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठविण्यास सुरुवात केली. त्यांच्यासाठी वसतिगृह काढले. घरच्या कोनाड्यात तांबडे आलवण नेसून दिवस काढणारी मुलगी पांढऱ्या स्वच्छ लुगड्यात वॉर्डमध्ये उभी राहिली आणि महिनाअखेर तिच्या हातात स्वतःची मिळकत पडली. ही घटना आज किरकोळ वाटते. त्या वेळी ती तशी नव्हती.

रमाबाईंनी हे कोणत्या शब्दाच्या आधाराने साधले? 'सेवा' ह्या शब्दाच्या. संस्थेच्या नावातच तो आहे. नोकरी म्हटले असते तर घरांची दारे बंद झाली असती. सेवा म्हटल्याबरोबर ती किलकिली झाली. हा शब्द निवडण्यात केवढे शहाणपण होते हे मी सांगावयास नको. पण प्रत्येक किल्लीने दार उघडते तसे ते लावताही येते. जी सेवा, तिचे मोल कसे मागावे? जी सेविका, तिने कामाचे तास कसे मोजावे? शासनाने पुढे ह्या पदांना मराठी नावे दिली ती पाहा: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. बढती मिळत जाते तसतशी परिचारिकेची सेविका होत जाते! नावे ठेवणाऱ्यांच्या मनात वावगे काही नसेल. शब्दाची सवय मात्र दिसून येते.

१९४३ साली सरकारने सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्याची पाहणी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्या वेळी सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, आणि परिचारिका होती ४३,००० लोकांमागे एक. डॉक्टर अपुरे होते हे खरेच. पण परिचारिका त्यांच्याहूनही कितीतरी अपुऱ्या होत्या. सेवेचा गौरव करणाऱ्या देशात ती सेवा करावयास मुली का येत नव्हत्या, ह्याचे उत्तर त्या समितीला त्यांच्या पगारात, राहण्याच्या जागेत आणि कामाच्या परिस्थितीत सापडले.

नोंदणीचे पाऊल मद्रासने १९२६ साली टाकले, मुंबई इलाख्याने १९३५ साली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपले हे गाव कागदोपत्री मोमिनाबाद होते. मुंबईचा कायदा येथे लागू नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९४७ चा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६६ च्या कायद्याने विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र ह्यांची नोंदणी एका सूत्रात आली. २०२३ साली संसदेने १९४७ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. हा तपशील कंटाळवाणा आहे, म्हणून तो आवरता घेतो. परंतु नोंदवहीचा अर्थ ध्यानात घ्या. जिचे नाव त्या वहीत आहे तिच्या चुकीचा जाब तिलाच विचारता येतो. डॉक्टरांनी सांगितले म्हणून मी केले, एवढे म्हणून तिला सुटता येत नाही. जिला जाब विचारता येतो, तिला स्वतःची बुद्धी आहे हे आपण मान्य केलेले असते.

ती बुद्धी चालते कशी, हे एका साध्या उदाहरणाने सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या रोग्याचे वजन कंबरेच्या, टाचांच्या, खांद्यांच्या हाडांवर पडते. हाड आणि गादी ह्यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तेथे रक्त पोहोचत नाही, आणि काही तासांत ती मरू लागते. ह्याला शय्याव्रण म्हणतात. एकदा ते झाले की हाडापर्यंत खोल जाऊ शकते, आणि त्याच्या विषाने रोगी दगावूही शकतो. ह्यावर औषधाहून मोठा उपाय म्हणजे ते होऊ न देणे: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, कातडी कोरडी ठेवणे, चादरीला सुरकुती पडू न देणे, लाल झालेली जागा बोटाने दाबून पाहणे आणि लिहून ठेवणे. हे डॉक्टर करीत नाही. ह्याची चिठ्ठी औषधाच्या दुकानात चालत नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग ह्यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला प्राणवायू पोहोचला नाही, आणि त्या पुन्हा कधीच शुद्धीच्या जगात आल्या नाहीत. वैद्यकाला त्यांच्यासाठी करण्यासारखे फार थोडे उरले होते. उरली ती परिचर्या. त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी ती बेचाळीस वर्षे केली. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, अशा मुलींनी त्यांना भरविले, पुसले, कुशीवर वळविले. २०११ साली दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी नोंदविले की, एवढ्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झालेले नाही. न्यायालयाने परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाचा नसून त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा आहे, असे मानले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्या परिचारिकांच्या प्रेमाविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते यथार्थ आहे. मला मात्र त्या निष्कलंक पाठीचे आश्चर्य अधिक वाटते. नुसत्या प्रेमाने पाठ इतकी वर्षे तशी राहत नाही. एकीने दुसरीला पाळी सोपविताना काय सांगितले, तिने काय पाहिले, काय लिहिले, ह्याची साखळी बेचाळीस वर्षांत कोठे तुटली नाही, म्हणून ती राहिली. चरकाने ज्ञान पहिले आणि दक्षता दुसरी का ठेवली, हे मला तेथे उमगले.

परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे वैद्यकीय शिक्षणाच्या रुग्णालयात तीन रोग्यांमागे एक परिचारिका हवी, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांत रात्री फेरी मारणाऱ्या कोणालाही हे प्रमाण किती पाळले जाते ते सहज मोजता येईल. परिचारिका कमी पडते तेथे नातेवाईक उभे राहतात. खाटेखाली चादर अंथरून मुलगा झोपतो, सून उशाशी बसून राहते. म्हातारीला पाणी पाजते, पाय चेपते, रात्रभर डोळ्याला डोळा लावीत नाही. तिच्या मायेत काही उणे नसते. कूस केव्हा बदलावयाची, हे तिला कोणी सांगितलेले नसते.