रद्दीत न घातलेली वर्तमानपत्रे

अमेरिका व ब्रिटन यांनी इराकवर चाल करू नये म्हणून १५ फेब्रुवारी २००३ रोजी जगातील शेकडो शहरांत माणसे रस्त्यावर उतरली. अंटार्क्टिकाच्या बर्फातील तळावरही काही जण जमले होते, याचे मला मोठे नवल वाटते!

त्या दिवसांचे अंक मी रद्दीवाल्याला दिले नाहीत. इंग्रजी पत्रे शेजारून मागून आणली. लंडनच्या मोर्चाला पोलिसांच्या मते साडेसात लाख माणसे, मोर्चेवाल्यांच्या मते २० लाखांच्या घरात. रोमला साडेसहा लाख की ३० लाख, असाच वाद. तेव्हा एकच पत्र ठेवून भागत नाही. कात्रणही कापू नये. वरची तारीख जाते, पाठीमागची बातमी अर्धी होते. मी सबंध अंक कडुनिंबाच्या पाल्यासह ट्रंकेत ठेवते. पाने पिवळी पडली, पण कसर लागली नाही.

पुढे २० मार्चला युद्ध सुरू झालेच. तेथून पहिल्या पानावर विमाने आणि बॉम्ब.

धाकटीचा जन्म त्यानंतरचा. तिने परवा सारे अंक तारखेवार लावले आणि विचारले, “आई, एवढी माणसे नको म्हणत होती, तरी?”