ताट चिनी, निळाई इराणी

चिनी मातीची निळी-पांढरी ताटे म्हटली की आपण ती सगळी चीनच्या खात्यावर जमा करतो. चौदाव्या शतकातल्या मोठ्या ताटांपुरता तरी हा हिशोब चुकतो.

ही ताटे जिंगदेझेन येथे युआन राजवटीत घडली. कच्च्या भांड्यावर कोबाल्टने नक्षी काढायची, वरून पारदर्शक झिलई द्यायची आणि सुमारे 1300 अंश सेल्सिअसला एकदाच भाजायचे, अशी त्यांची रीत. मात्र उत्तम कोबाल्ट इराणकडून येई. पुढे चिनी भाषेत या रंगाला 'मुसलमानी निळा' अशा अर्थाचे नावही पडले. चाळीस सेंटिमीटरहून रुंद अशी ही ताटे पश्चिम आशियातल्या पंगतीसाठी होती. तिथे एकाच ताटाभोवती अनेकजण बसत. चिनी घरात प्रत्येकापुढे लहान वाडगा असे.

मग या ताटांचा काळ ठरला कसा? लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आज असलेल्या दोन उंच कलशांवर एका मंदिराला केलेल्या दानाचा लेख असून त्याचे साल 1351 आहे. त्यावरची नक्षी प्रमाण धरून जॉन पोप या अमेरिकन अभ्यासकाने 1950 च्या दशकात इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणमधल्या अर्दबील दर्ग्यातली ताटे ओळखली. म्हणजे चिनी कलेतले एक हरवलेले प्रकरण चीनबाहेरच्या कोठारांतून सापडले! अर्दबीलचा संग्रह शाह अब्बासने 1611 मध्ये दर्ग्याला वाहिला होता. त्याच्या दानाची खूण भांड्यांवर कोरलेली आहे.

याच काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचे तुकडे दिल्लीत, तुघलकांच्या राजवाड्याच्या परिसरातही मिळाले. फिरोजशाहाने आपल्या आत्मवृत्तात भांड्यांवरच्या सजीवांच्या चित्रांना मनाई केल्याचे लिहिले आहे. म्हणून ही भांडी मुद्दाम फोडली असावीत, असा एक तर्क आहे. तो मोहक आहे; पण फुटक्या ताटाचा प्रत्येक तुकडा धर्माज्ञेचा पुरावा नसतो. स्वयंपाकघरात ताटे नुसती हातून पडूनही फुटतात.

मला अधिक बोलकी वाटते ती काही तुकड्यांवरची खूण : 'मतबख', म्हणजे शाही स्वयंपाकघर. हाच शब्द मराठीत 'मुदपाकखाना' होऊन आला. घडवणाऱ्या कुंभाराचे नाव त्या ताटांवर नाही. ताट कुठल्या चुलीचे, हे मात्र वापरणाऱ्यांनी कोरून ठेवले. जुन्या भांड्याचा इतिहास लिहिताना भट्टीइतकीच चूलही विचारात घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.