‘फरगेट इट’च्या आधी: रविवारी स्कूटर उघडणारी माणसं

आजच्या भागाचं हे लेखी रूप. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत.

गेल्या महिन्यात मी बाइक सर्व्हिसिंगला टाकली. संध्याकाळी आणायला गेलो, काउंटरवर बिल दिलं, स्कॅन केलं, पैसे गेले, चावी मिळाली. घरी आलो तर बाबांनी विचारलं, “काय काय केलं रे गाडीला?” मी म्हटलं, “सर्व्हिसिंग.” ते म्हणाले, “ते कळलं. पण केलं काय?”

मला सांगता येईना. बिल काढून वाचायला लागलो, तर निम्मे शब्द कळेनात. आणि हे विचारणारा माणूस कोण, तर दर रविवारी अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून स्वतःची स्कूटर उघडून बसणारा. मग वाटलं, बाबांच्या पिढीला जे येत होतं ते आपल्याला का येत नाही? आपण आळशी झालो, की गाड्याच बदलल्या? उत्तर शोधायला थेट 1946 सालात जावं लागतं, आणि तेही इटलीत.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. पियाजिओ ही विमानं बनवणारी कंपनी. कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेला, आणि लोकांना स्वस्त वाहन हवं होतं. काम सोपवलं कोराडिनो दास्कानियो या विमान-इंजिनिअरवर. गंमत म्हणजे या माणसाला मोटारसायकल मुळीच आवडायची नाही. चेनचं तेल कपड्यांना लागतं आणि पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो, या त्याच्या तक्रारी. मग त्याने चेनच काढून टाकली आणि पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, विमानाच्या चाकासारखं. चार-पाच नट सोडवले की चाक हातात. ही व्हेस्पा. म्हणजे बघा, रस्त्यात एकटा अडकलेला मालक डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी कागदावर उतरली होती.

हीच गाडी पुढे पुण्यात आली. बजाजला 1959 मध्ये भारतात स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला आणि पियाजिओशी करार करून आकुर्डीत व्हेस्पा तयार व्हायला लागली. करार 1971 मध्ये संपला. 1972 मध्ये स्वतःच्या नावाची स्कूटर आली: चेतक, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव.

पण स्कूटर ‘आली’ म्हणजे मिळाली असं नाही! तो लायसन्स-परमिटचा काळ. कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवायच्या, हे सरकार ठरवायचं. मागणी प्रचंड, गाड्या मोजक्या. लोक पैसे भरून नंबर लावायचे आणि वाट बघायचे. एकेकाळी ही वाट दहा वर्षांच्या आसपास गेली होती. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलरमध्ये पैसे भरले तर गाडी लवकर मिळायची. मुलगा शाळेत असताना नंबर लावायचा आणि तो कॉलेजला गेल्यावर स्कूटर यायची, असला प्रकार.

आता विचार करा. इतक्या वर्षांनी मिळालेली गाडी तुम्ही पाच वर्षांत विकाल का? ती टिकवायचीच. हे स्वतः सर्व्हिसिंग करण्यामागचं पहिलं कारण.

दुसरं कारण इंजिनात होतं. त्या काळच्या बहुतेक स्कूटर, आणि राजदूत, जावा, येझदीसारख्या मोटारसायकली टू-स्ट्रोक होत्या. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला वंगण देणारं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. जळलं की काजळी धरते: प्लगवर, सिलिंडरच्या तोंडाशी, सायलेन्सरमध्ये. प्लग काळा झाला की ठिणगी नीट पडत नाही आणि किक मारून मारून पाय भरून येतो.

म्हणून स्कूटरच्या डिकीत प्लग पाना असायचाच, सोबत एखादा जुना प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा. प्लग काढायचा, घासायचा, फुंकर मारून परत बसवायचा. रंगावरून निदानही व्हायचं. फिकट तपकिरी असेल तर तब्येत बरी, काळा आणि तेलकट असेल तर ऑइल जास्त झालंय. मग कॉन्टॅक्ट पॉइंट: तिथे झीज झाली की ठिणगीची वेळ चुकते, म्हणून तेही घासायचे आणि फट जुळवायची. कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला की तो खोलून पेट्रोलने धुवायचा. क्लचची वायर तुटली तर जादा वायर सोबत ठेवलेलीच.

यातलं काहीही करायला कॉलेजात जावं लागत नव्हतं. भाग डोळ्यांना दिसत होते, पान्याने सुटत होते. अवघड काम, म्हणजे बोअर करणं, पिस्टन बदलणं, मिस्त्रीकडे जायचं. पण मिस्त्रीकडे गेलेला माणूस स्टुलावर बसून सगळं बघायचा आणि “जुना पार्ट दाखव” म्हणायचा. त्यामुळे फसवायची सोय कमी.

आता लगेच ‘काय ते दिवस होते’ म्हणू नका. आईला विचारलं तर ती वेगळंच सांगते. रविवारची अर्धी सकाळ गाडीत जायची, फरशीवर ऑइलचे डाग, आणि इतकं करून सोमवारी गाडी सुरू होईलच याची खात्री नाही. शिवाय हे ज्ञान घरात कोणाकडे जायचं? मुलाकडे. मुलीला कोणी प्लग पाना हातात दिला नाही. 1984 मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. तेव्हा कित्येक बायका पहिल्यांदा स्वतःच्या भरवशावर घराबाहेर पडल्या. गाडीचं पोट न उघडता ती चालवता येणं ही त्यांच्यासाठी मोठी सुटका होती. हे विसरून चालणार नाही.

त्याच सुमाराला सरकारने परदेशी तंत्रज्ञानाला दार उघडलं होतं. होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी, सगळे भारतीय कंपन्यांशी हात मिळवत होते. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली, फोर-स्ट्रोक. यात इंजिन ऑइल वेगळं राहतं, पेट्रोलबरोबर जळत नाही. काजळी कमी, प्लग साफ, ॲव्हरेज भरपूर. जाहिरातीत तीन वाक्यं होती: फिल इट, शट इट, फरगेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा.

माझ्या मते आपल्या दुचाकीच्या इतिहासाचा सांधा या तिसऱ्या वाक्यात आहे. गाडीकडे लक्ष द्यावं लागणं ही तोवर मालकाची रीतच होती. आता लक्ष न देणं हा गाडीचा गुण ठरला. 1990च्या दशकाच्या शेवटी मोटारसायकलींनी खपात स्कूटरला मागे टाकलं. वॉरंटी आणि फ्री सर्व्हिसची कुपनं आली, प्लग पान्याची गरज उरली नाही. आपण खरंच विसरलो.

तरीही कोपऱ्यावरचा मेकॅनिक होता. उलट त्याचे ते सुगीचे दिवस. देशभर सारखीच इंजिनं, पुण्यात नाना पेठेत हवा तो पार्ट मिळायचा, आणि गॅरेजात पाने पुसणारा पोरगा चार वर्षांत स्वतः इंजिन उतरवायला शिकायचा. मालकाच्या हातातलं ज्ञान गल्लीत तरी राहिलं होतं.

पुढचा टप्पा 1 एप्रिल 2020. बीएस-6चे नियम लागू झाले. धूर कमी करायचा तर पेट्रोल अगदी मोजून जाळायला हवं, आणि ते कार्बोरेटरला जमेना. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि त्यांना चालवणारा छोटा कॉम्प्युटर आला. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण बिघाड आता घासलेल्या प्लगवर दिसत नाही, तो स्कॅनरवर कोड बनून येतो. ज्याच्याकडे त्या गाडीचा स्कॅनर, तोच डॉक्टर. त्याच वर्षी जानेवारीत चेतक हे नाव परत आलं, इलेक्ट्रिक होऊन. तिला प्लगही नाही आणि इंजिन ऑइलही नाही.

म्हणजे आधी मालक बाहेर पडला, आता कोपऱ्यावरचा मेकॅनिक बाहेर पडतोय. म्हणूनच 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली. मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची यंत्रं यांच्यासोबत तिच्या यादीत वाहनंही आहेत. दुरुस्तीची माहिती आणि पार्ट सगळ्यांना मिळावेत, हा मुद्दा. बाबांच्या पिढीला हा हक्क मागावा लागला नाही, कारण तो डिकीतच होता.

मग आपण काय करायचं? फ्युएल इंजेक्शन, एबीएस, व्हॉल्व्ह यांत यूट्यूब बघून हात घालू नका. ते जाणकाराला द्या आणि त्याचे पैसे हसत द्या. पण चार गोष्टी अजूनही मालकाच्या आहेत: टायरची हवा, चेनची सफाई आणि ताण, ऑइलची पातळी, ब्रेक पॅडची जाडी. यांना स्कॅनर लागत नाही, हँडबुक लागतं. ते सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत न उघडता पडलंय, बघा.

आणि सर्व्हिसिंगला टाकाल तेव्हा तीन प्रश्न विचारा: काय बदललं, का बदललं, जुना पार्ट कुठाय? स्वतः करायचं की पैसे द्यायचे, हा वाद त्यामानाने छोटा आहे. पैसे देतानाही आपल्याला कळतंय का, हे महत्त्वाचं.

मी मागच्या रविवारी चेन साफ केली. वर्तमानपत्र बाबांनीच आणून पसरलं, आणि मग तासभर सूचना! एक पाना त्यांनी अजून जपून ठेवलाय. माझ्या गाडीला तो बसत नाही, पण मी मागून घेतला.

तुमच्या घरात असा एखादा पाना असेल तर त्याची गोष्ट घरच्यांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हवा चेक करा!