फिरंगेची पारख

मराठीतील शस्त्रनामांत 'फिरंग' या शब्दाइतका बोलका शब्द क्वचितच आढळेल. ज्या फ्रँक लोकांवरून फ्रान्स देशाला नाव मिळाले, त्यांच्याच नावापासून अरबी-फारसीत 'फरंग' झाला आणि पुढे आपल्याकडे तो पोर्तुगीजांना चिकटला. परंतु फिरंग म्हणजे निव्वळ परदेशी तलवार नव्हे. लांब, सरळ पाते युरोपातले आणि मूठ मात्र येथल्या कारागिराची, असा हा संकर आहे. म्हणूनच 'खरी फिरंग कोणती?' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

पेडणे व डिचोली या प्रांतांना हा प्रश्न जवळचा आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे बेट घेतले. परंतु हे दोन्ही प्रांत त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षे त्यांच्या सत्तेत स्थिरपणे आले नव्हते. डिचोली तालुक्यातील नार्वे येथे श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करविला. पेडण्यातील हळर्णचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीज विजरईने १७४६ साली घेतला, आणि त्या विजयाबद्दल त्याला 'आलोर्नाचा मार्क्विस' हा किताब मिळाला. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले. इतका काळ जी भूमी सरहद्द होती, तेथे शस्त्रे केवळ व्यापारानेच नव्हे, तर लुटीने, नजराण्याने आणि तहानेही हातोहात फिरणे स्वाभाविक होते.

अशा पात्याची ओळख पटविताना बहुतेक जण प्रथम शिक्का पाहतात. आमच्या मते घोटाळ्याचा उगम येथेच आहे. आंद्रेआ फेरारा हा सोळाव्या शतकातील इटालियन कारागीर. पण त्याचे नाव त्याच्या पश्चात पिढ्यान्‌पिढ्या जर्मनीतील पात्यांवर ठोकले जात होते. धावत्या लांडग्याची खूण प्रथम पासाउ गावची. ती पुढे झोलिंगेनच्या लोहारांनी उचलली. झोलिंगेनची पाती तोलेदोच्या नावानेही विकली गेली. जिनोव्याच्या पात्यांवरील दातेरी चंद्रकोरी तर हिंदुस्थानातील कारागिरांनीही हुबेहूब उठविल्या. ग्राहकाला परदेशी शिक्का हवा होता, आणि कारागिराने तो पुरविला.

ही रीत केवळ जुन्या काळची नाही. फ्रान्समधील लायोल गावाच्या नावाने ओळखला जाणारा, घडी घालता येणारा चाकू आज जगभर विकला जातो. त्याच्या पाठीवरील माशीचे चिन्ह पाहून ग्राहक भुलतो. पण ते नाव व ती माशी एकाच कारखान्याची मिरास नसल्यामुळे तिएर शहरात घडलेल्या चाकूंवर ती दिसते, आणि दूरदेशी घडलेल्या स्वस्त नकलांवरही दिसते. तेथील जाणकार माशी पाहत नाहीत. पाते कोणत्या पोलादाचे, उघडता-मिटताना कमान कशी बोलते, मुठीचे सांधे किती नेटके बसले आहेत, हे ते पाहतात.

फिरंगेलाही हाच न्याय लावावा. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जौहर दिसली, तर ते पोलाद हिंदुस्थानी किंवा इराणी परंपरेतले समजावे, मग शिक्का कोणताही असो. अक्षरे उलटसुलट किंवा अर्थहीन असतील, तर ती अक्षर न जाणणाऱ्या हाताने उठविलेली नक्कल असण्याचा संभव अधिक. पात्यावरील उभ्या पन्हळी शेवटपर्यंत सारख्या खोलीच्या आहेत काय, हे बोट फिरवून पाहावे. मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या, खिळ्यांनी जखडलेल्या पट्ट्यांखालीही कधी कधी मूळ खूण झाकलेली असते. यांपैकी एकच लक्षण निर्णायक नव्हे. सर्वांची साक्ष जुळावी लागते.

या सावधगिरीची किती गरज आहे, ते एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानात येईल. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५–७६ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाला दिलेली रत्नजडित मुठीची तलवार आज लंडनच्या राजसंग्रहात आहे. तिचे पाते युरोपीय असून त्यावर येशूच्या नामाची आय्, एच्, एस् ही अक्षरे आहेत. युरोपातील पात्यांवर ही अक्षरे सर्रास आढळतात. त्यांवरून पात्याचे मूळ कळते. ते कोणाच्या हाती होते, हे कळत नाही. ते सांगण्यास दप्तराचा कागदच हवा. तरीही तिच्यावरून भवानी तलवारीविषयी कितीतरी विधाने ठामपणे झाली.

शिमग्यात पेडणे, डिचोली व सत्तरी येथे घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून गडी नागवी तलवार फिरवतात. दसऱ्याला शस्त्रांची पूजा होते. अशा प्रसंगांसाठी जुनी पाती घासून चकचकीत करण्याची हौस सर्वत्र वाढत आहे. या घासण्यात जौहर जाते, पुसट खुणा जातात, आणि वर सांगितलेली साक्ष कायमची मुकी होते. शाळाशिक्षकांनी आपल्या गावच्या देवळातील व वाड्यांतील शस्त्रांची लांबी, खुणा व घरची हकीकत वहीत टिपून ठेवली, तर ते मोठेच कार्य होईल. कारण येथल्या लोहाराने मूठ बसवून आपलेसे केलेले पाते हे, शिक्का खरा असो वा खोटा, आपल्या इतिहासाचा अस्सल पुरावाच आहे.