उकळलेलं गार होताना: परळच्या लसीतून शिकण्यासारखं

ट्रायकोडर्मा, अॅझोटोबॅक्टर गुळाच्या पाण्यात वाढवणारे आपल्यात बरेच आहेत. पाणी उकळायला कुणी कंटाळत नाही. घाई होते ती नंतर. कुणी झाकण काढून ठेवतं, कुणी वरून विहिरीचं गार पाणी ओततं. पण उकळताना जंतू मरतात आणि गार होताना नवे शिरतात. त्याचा हा थोडा इतिहास.

सुरुवात बियरवाल्यांपासून. जवाला मोड आणून, भरडून, गरम पाण्यात त्याचा गोड काढा काढतात आणि तो उकळतात. त्याला वर्ट म्हणतात. तो गार झाल्यावर यीस्ट घालायचं, म्हणजे आपल्या विरजणासारखंच. गरम असताना घातलं तर यीस्ट मरतं. जुन्या युरोपात हा काढा पसरट, उघड्या हौदांत गार करत. हवेतले जंतू त्यात पडत आणि बियर आंबट व्हायची. लुई पाश्चरने यावर उपाय काढला: काढा बंद भांड्यातच ठेवायचा आणि भांड्यावर बाहेरून पाणी फवारून गार करायचा. १८७३ मध्ये त्याला अमेरिकेत याचं पेटंटही मिळालं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला एक माणूस म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्याच वर्षी तो भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागला. १० जानेवारी १८९७ ला त्याने लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था तीच.

लस कशी व्हायची? बकऱ्याच्या मांसाचं सूप करून ते निर्जंतुक करायचं आणि गार झालं की त्यात प्लेगचे जंतू सोडायचे. वर तुपाचे थेंब. त्या थेंबांखाली जंतू छतावरून लोंबणाऱ्या मुळ्यांसारखे वाढत. काही आठवडे वाढवून मग ६५ ते ७० अंशांवर तापवून ते मारायचे. म्हणजे वर्टचाच क्रम: उकळ, बंद ठेवून गार कर, मग विरजण. फरक इतकाच, की इथे चूक झाली तर बियर नासत नव्हती, माणूस जात होता.

तसंच घडलं. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले, आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती. आधी ठपका परळवर आला आणि हाफकिनला कामावरून दूर केलं. पुढे चौकशीच्या कागदांतून दिसलं, की बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळीलाही दाद देत नाहीत, हे आपल्याला कुणी सांगायला नको. रोनाल्ड रॉससारखे शास्त्रज्ञ हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ मध्ये तो ठपक्यातून सुटला. पाच वर्षं गेली ती गेलीच.

सगळी मेहनत उकळण्यावर जाते आणि घात होतो झाकण उघडताना. म्हणून आपल्या कॅनसाठी एवढं पाळा:

१. उकळलं की लगेच झाकण लावा. गार होताना भांडं बाहेरची हवा आत ओढतं, म्हणून फटीला स्वच्छ कापूस लावा.
२. भांडं पाण्याच्या टबात ठेवा आणि टबातलं पाणी बदलत राहा. आत कच्चं पाणी ओतू नका.
३. उकळतं द्रावण काचेच्या बरणीत किंवा पातळ प्लास्टिकमध्ये ओतू नका. बरणी तडकते, अंगावर भाजतं.
४. भांड्याला बाहेरून हात लावल्यावर गरम लागेनासं झालं, की मगच कल्चर घाला.
५. पळी, नरसाळं उकळून घ्या. मातीत पडलं तर नुसतं पुसून वापरू नका, पुन्हा धुऊन उकळा.

तुम्ही गार कसं करता, ते जरूर लिहा. दुसऱ्याचा एखादा कॅन वाचेल.